दाढ काढताना गर्दी हवी

दात काढताना दुखणे हा प्रश्न माणसाने सोडवून पाऊणशे वर्षे होऊन गेली. निल्स लॉफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९४३ साली लिग्नोकेन हे भुलीचे औषध तयार केले, १९४८ पासून ते विकत मिळू लागले. आता दाढ काढायची म्हणजे हिरडीत एक सुई टोचून घ्यायची, भिंतीवरचे ‘दात घासण्याची योग्य पद्धत’ हे चित्र पाच-दहा मिनिटे बघत बसायचे आणि अर्धा ओठ परका वाटू लागला की डॉक्टरांना खूण करायची. त्यानंतर जे होते ते दाबल्यासारखे वाटते, हलवल्यासारखे वाटते, कवटीच्या आत कुठेतरी कडकन वाजते. दुखत मात्र नाही. आणि तरीही दंतवैद्याची भीती रुपयातले चार आणेदेखील कमी झालेली नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीला घाम फोडणारा गृहस्थ त्या खुर्चीच्या दांड्या दोन्ही हातांनी अशा धरून ठेवतो की डॉक्टरांना आधी त्याची बोटे सोडवावी लागतात. सुईची भीती म्हणावी, तर हाच गृहस्थ साखर तपासायला दर महिन्याला आपणहून दंड पुढे करतो. खर्चाची म्हणावी, तर दवाखान्यातल्या दरपत्रकावर दाढ काढणे हे सर्वांत स्वस्तातले काम; त्याच्या कितीतरी पट पैसे रूट कॅनॉल आणि कॅपला मोजावे लागतात, आणि ते लोक कुरकुरत का होईना मोजतात. ड्रिलच्या आवाजाची म्हणावी, तर साध्या दाढेला ड्रिल लागतच नाही. मग उरते काय? माझे म्हणणे असे आहे की भूल आल्यावर वेदना गेली, पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बघे गेले. दाढ काढणे हे मुळात चारचौघांत करायचे काम आहे, आणि ते बंद दाराआड एकट्यावर सोपवल्यामुळे माणूस घाबरतो.

विधान विचित्र वाटेल, म्हणून पुरावा घराघरांतून गोळा करतो. प्रत्येक माणसाचे वीस दात सहा ते बारा या वयात पडतात. हा अवयवनाश काही लहानसा नव्हे. सज्ञान माणसाचे असे वीस अवयव सहा वर्षांत गळून पडले असते तर त्याने मृत्युपत्र केले असते. पण मूल घाबरत नाही, कारण त्याला प्रेक्षक असतात. पहिला दात हलू लागला की तो आधी आईला, मग आजीला, मग वर्गात आणि शेवटी बाईंना जिभेने हलवून दाखवला जातो. दोरा बांधून ओढावा, की आपोआप पडू द्यावा, यावर घरात दोन पक्ष पडतात. पडला की तो कौलावर फेकायचा, आणि कौले राहिली नाहीत तिथे गॅलरीतल्या कुंडीत पुरायचा. दोन्ही वेळा सगळे घर हजर. त्यानंतर महिनाभर तोंडातली खिंड दाखवत फोटो निघतात. यावर कोणी म्हणेल की दुधाच्या दाताची मुळे आधीच विरघळून गेलेली असतात, तो काढायला जोर लागत नाही, त्यात कसले आले शौर्य. शास्त्र खरे आहे. पण हे शास्त्र सात वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की आपल्या तोंडातून रक्त आले आणि सगळे आपल्याकडे बघत आहेत. रक्त त्याला मान्य असते, कारण दुसरी गोष्ट त्याला हवी असते. हाच मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी दाढ काढायला जातो तेव्हा कचेरीत ‘जरा पर्सनल काम आहे’ म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकतो, घरी फक्त बायकोला सांगतो, आणि परत आल्यावर दोन दिवस तोंड मिटून वावरतो. भूल उत्तम, डॉक्टर उत्तम, आणि दाद द्यायला कोणी नाही.

इतिहासही माझ्याच बाजूने साक्ष देतो. आपल्याकडची सर्वांत जुनी प्रसिद्ध दंतकथा (शब्द आपोआप आला, त्याला इलाज नाही) दक्षाच्या यज्ञातली. तिथे वीरभद्राने पूषा या देवाचे दात पाडले, ते सगळे देव आणि ऋषी जमलेले असताना. पुढे शंकराने दया येऊन व्यवस्था लावून दिली ती अशी, की पूषाने यजमानाच्या दातांनी खावे, नाहीतर पीठ खावे. दात काढल्यावर मऊ खाण्याचा सल्ला इतक्या उच्च पातळीवरून इतर कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. दुसऱ्याच्या दातांनी खाण्याची सोय तर पुढे कवळी येईपर्यंत कोणाला जमली नाही. आता इंग्लंडकडे वळू. १५७८ साली पहिली एलिझाबेथ राणी दाढदुखीने रात्र रात्र जागत होती. मंत्रिमंडळ चिंतेत, वैद्यांची मते वेगवेगळी, आणि दाढ काढायला राणी तयार नाही. तेव्हा लंडनचा बिशप जॉन एल्मर पुढे झाला आणि म्हणाला की हे फारसे कठीण नाही, पाहा. त्याने राणीच्या डोळ्यांदेखत शस्त्रवैद्याकडून स्वतःचा एक दात काढून घेतला. बिशप म्हातारा होता, आणि त्याच्या तोंडात तसेही फार दात उरलेले नव्हते. म्हणजे हा त्याग बेताच्या भांडवलातून केलेला. पण राणीने ते पाहिले आणि मग स्वतःचीही दाढ काढू दिली. त्या काळी भूल नव्हती. राणीला धीर कोणी औषध देऊन दिला नाही. तो दुसऱ्याची दाढ निघताना पाहून आला, आणि बिशपला तो राणी पाहत होती म्हणून आला.

रशियाच्या पीटर द ग्रेटचे उदाहरण उलट बाजूने उपयोगी पडते. या सम्राटाला दात काढण्याचा नाद होता. तो हत्यारे बाळगत असे आणि दरबारात कोणी गाल धरून बसलेला दिसला की स्वतःच कामाला लागत असे. त्याने काढलेले दात सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा या संग्रहालयात आजही ठेवलेले आहेत. रुग्णाला दात जाण्याचे दुःख झाले असेल, पण सम्राटाने दात काढला ही गोष्ट त्याच्या नातवंडांपर्यंत पुरली असणार. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात ‘थोरला थॉमस’ म्हणून ओळखला जाणारा दात उपटणारा ‘नवा पूल’ नावाच्या पुलावर, भर रहदारीत, गाडी लावून उभा असे आणि लोक काम सोडून बघायला थांबत. अमेरिकेत तर एडगर पार्कर या पदवीधर दंतवैद्याने बँडच ठेवला. वाजंत्री, नाच, भाषण, आणि मधोमध खुर्ची. कायद्याने त्याला जाहिरातीत ‘वेदनाहीन’ म्हणू देईनात, तेव्हा त्याने आपले नावच कायदेशीररीत्या बदलून पेनलेस पार्कर करून घेतले. एका दिवसात काढले असे सांगून ३५७ दातांची माळ तो गळ्यात घालत असे. त्याची दातांनी भरलेली बादली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या दंतसंग्रहालयात जपून ठेवली आहे.

इथे समंजस वाचक हात वर करील. तो म्हणेल, बँड मनोरंजनासाठी नव्हता, रुग्णाची किंकाळी बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून होता. आणि लोक चौकात दात काढून घेत ते गर्दीच्या प्रेमाखातर नव्हे. दुसरी सोयच नव्हती. पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पार्कर संत नव्हता, आणि ढोलाच्या तालावर पक्कड चालवणाऱ्याच्या हाती जबडा द्यावा असे मी सुचवत नाही. पण दुसरा मुद्दा तपासून पाहावा लागेल. सोय नव्हती हे गरिबाचे कारण झाले. राणीला कसली कमी होती? तिला बंद खोली होती, वैद्य होते, मंत्री होते. तरीही घोडे अडले ते बिशपचा दात पडेपर्यंत. आणि बँडने किंकाळी झाकली असे क्षणभर धरले, तरी मग दुसरा माणूस खुर्चीवर चढतो तो का? पहिल्याचा चेहरा तर त्याने पाहिलेला असतो. मला वाटते, तीनशे लोकांसमोर खुर्चीवरून उतरून पळणे हे दाढेपेक्षा अधिक दुखले असते. पुन्हा बाजाराला याच गावात यायचे, मुलीचे लग्न याच गावात करायचे. गर्दी माणसाला शूर करत नसेल, पण पळू देत नाही, आणि दाढेच्या बाबतीत तेवढे पुरते.

गंमत पुढेच आहे. ज्या भुलीने हे प्रेक्षक घालवले, ती भूल प्रेक्षकांनीच आणली. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी हास्यवायूचा एक जाहीर खेळ झाला. तिकीट काढून बघायला आलेल्यांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. वायू हुंगून नाचणाऱ्या एका माणसाचा पाय बाकावर आपटून रक्तबंबाळ झाला आणि त्याला त्याचा पत्ताच नाही, हे त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने तोच वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली, आणि दुखले नाही. पुढच्या महिन्यात तो हे बोस्टनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाखवायला गेला. दात काढताना रुग्ण ओरडला आणि विद्यार्थ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. त्याचाच जुना भागीदार, विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात भरलेल्या सभागृहासमोर ईथर देऊन उभा राहिला आणि जिंकला. सगळ्या शस्त्रक्रियेला भूल मिळाली ती अशी, दातवाल्यांच्या हातून आणि खेळ-तमाशाच्या मंचावरून. मग रुग्ण ओरडेनासा झाला. ओरडत नाही त्याला बघायला कोण थांबणार? आपल्याकडे योगायोग असा की लिग्नोकेन जगाच्या बाजारात आले त्याच १९४८ साली भारतात दंतवैद्यांचा कायदा झाला. दात काढणाऱ्याची नोंदणी आली. पदपथावर चादर पसरून, तिच्यावर पिवळ्या पडलेल्या कवळ्या मांडून बसणारा माणूस बेकायदा ठरला. हे योग्यच झाले. त्याच्या पकडीचा इतिहास विचारण्यासारखा नसे. पण त्याच्याभोवती उभी राहणारी आठ-दहा माणसेही त्या कायद्याने पांगली, ती परत आली नाहीत. आताची दाढ रजिस्टर लग्नासारखी निघते: कायदेशीर, सुटसुटीत, कमी खर्चात, आणि वाजंत्री नसल्यामुळे झाल्यासारखीच वाटत नाही.

हे नुकसान आणखी खुपते ते अशासाठी, की दाढ काढणे ही खरोखर बघण्यासारखी गोष्ट आहे. बहुतेकांची समजूत असते की डॉक्टर दाढ ओढतात. ते ओढत नाहीत. दाढ हाडात सिमेंटने बसवलेली नसते. बारीक तंतूंच्या पडद्याने ती खोबणीत टांगलेली असते. डॉक्टर आधी एका चपट्या हत्याराने तरफेसारखा जोर देऊन हे तंतू सैल करतात, मग चिमटा मुळाकडे खोल सरकवतात, आणि दाढ गालाकडे, जिभेकडे, पुन्हा गालाकडे अशी सावकाश कलती करत खोबणीचे हाड रुंद करत नेतात. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे, वरच्या दाढेला तीन. वरच्या दाढांसाठी उजव्या बाजूचा चिमटा वेगळा, डाव्या बाजूचा वेगळा. घाई केली तर मूळ आत मोडते. मनगटाची ही कारागिरी दहा मिनिटे आपल्याच तोंडात चालते, आणि ती न दिसणारा जगातला एकमेव माणूस आपण असतो. आपल्याला दिसतो तो दिवा. कोणी म्हणेल, डॉक्टर आणि त्यांची मदतनीस आहेतच की प्रेक्षक. नाहीत. त्यांनी हजारो दाढा पाहिल्या आहेत. आपल्या आयुष्यातला हा प्रसंग चालू असताना मास्कच्या आडून त्यांचे बोलणे चाललेले असते ते कोणाच्या तरी बारावीच्या निकालाचे. बाहेर बाकावर चार माणसे असतात खरी, पण तीही प्रेक्षक नव्हेत, सहआरोपी आहेत. त्यांचे लक्ष आपल्यावर नसून आपला नंबर किती वेळात संपतो यावर असते. आणि सगळे झाल्यावर पुरावादेखील हाती राहत नाही. डॉक्टर ती दाढ क्षणभर दाखवतात आणि पिवळ्या पिशवीत टाकतात, कारण २०१६ च्या नियमांप्रमाणे माणसाच्या शरीराचा भाग जैववैद्यकीय कचऱ्यात जातो. चाळीस वर्षे ज्या दाढेने ऊस सोलला, तिला निरोप द्यायला घरचे कोणीही नाही.

सर्वांत जड आक्षेप शेवटी ठेवला आहे. तो असा, की आपल्या समाजात बघे म्हणजे सल्लागार. दाढ दुखते हे चार जणांना कळले की एक लवंगेचे तेल सांगतो, दुसरा हिंग, तिसरा तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, आणि चौथी, बहुधा मावशी, आवाज खाली आणून सांगते की वरची दाढ काढू नकोस, डोळे जातात. अशा गर्दीत माणूस दाढ काढेल की गाव सोडेल? आक्षेप खरा आहे, पण मावशीला इतके हलके लेखू नका. तिच्या पाठीशी सुश्रुत उभा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. अतिशय रक्त जाऊन आंधळेपण येणे, तोंड वाकडे होणे असे विकार उद्भवतात. रक्त थांबवायची साधने मोजकीच असताना दिलेला तो सावधगिरीचा सल्ला होता. कारण रक्तस्रावाचे होते. मावशीने कारण वाटेत सोडले आणि निष्कर्ष तेवढा सांभाळून आणला. दाताच्या संवेदनेची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. एकीचा हिशेब दुसरीत जमा होत नाही, आणि वरच्या दाढा काढून घेतलेले लोक रोज पेपर वाचत आहेत. लवंगेच्या तेलातही तथ्य आहे. त्यातल्या युजेनॉलने ठणका काही काळ बोथटतो, म्हणून तर माणूस पुन्हा पंधरा दिवस डॉक्टरांकडे जात नाही. मग ठणका आपोआपही थांबतो, आणि घरात आनंद होतो. दाढेच्या आतली नस मेली म्हणून तो थांबला, कीड कामावरच आहे, हे महिन्याभराने गाल सुजला की कळते. पण माझा मुद्दा असा, की हे सल्ले गर्दीमुळे आले नाहीत. गर्दी दाराबाहेर ठेवल्यामुळे आले. ज्याला बघायला मिळते तो सांगत बसत नाही. लंडनच्या बिशपने राणीला लवंग सुचवली नाही. मावशीने एक वरची दाढ निघताना समोर उभे राहून पाहिली असती, तर डोळ्यांची गोष्ट तिथेच संपली असती, आणि तिच्याकडे पुढची वीस वर्षे सांगायला त्याहून चांगली गोष्ट आली असती.

निर्जंतुक खोलीत मावशीला उभे करा असे मी कोणत्याही दंतवैद्याला सांगणार नाही. खोली लहान असते, मावशी बोलकी असते, आणि जंतू कोणाचेही नाते मानत नाहीत. कोणाला खरोखरच एकांत हवा असेल तर त्याच्या दाढेशी मला कर्तव्य नाही. पण दाराच्या अलीकडची व्यवस्था आपल्या हातात आहे. आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपली रीत अजून शाबूत आहे. अपेंडिक्स काढलेल्याकडे आपण शहाळे घेऊन जातो, मोतीबिंदूवाल्याकडे पपई घेऊन जातो, पाय मोडलेल्याच्या प्लास्टरवर सहीदेखील करतो. दाढवाल्याकडे कोणी जात नाही. त्याच्या खोबणीत हाडापर्यंत खड्डा पडलेला असतो आणि तो कचेरीत बसून ‘आज जेवला नाहीस का?’ या प्रश्नाला मान हलवतो आहे.

तेव्हा ओळखीत कोणी दाढ काढून आले असे कळले, तर जाऊन या. पहिला अर्धा-पाऊण तास दातांखाली कापसाचा बोळा दाबलेला असतो, तेवढ्यात काही विचारू नका. तो बोलला तर बोळा सुटतो आणि रक्त पुन्हा सुरू होते. त्यानंतर जाताना आइस्क्रीम न्या, मऊ भात न्या, कडक चहाची फर्माईश मात्र त्या घरी करू नका, कारण त्याला गरम चालत नाही आणि तुमच्या कपाकडे बघून त्याचा जीव कासावीस होईल. शहाळे नेलेत तर स्ट्रॉ देऊ नका. ओढून प्यायल्याने खोबणीत धरलेली रक्ताची गुठळी निघते आणि मग दोन-तीन दिवसांनी जे दुखते त्यापुढे मूळची दाढ बरी म्हणायची पाळी येते. चोवीस तास चूळ भरणे, थुंकणे, विडी-सिगारेट बंद. आपल्या दाढेची हकिगत सांगू नका; ती तुमची पाळी येईल तेव्हा सांगा. त्याला तोंड उघडायला लावा, मोबाइलचा दिवा आत धरा, नीट वाकून बघा आणि ‘बापरे, केवढी असेल!’ असे म्हणा. दाढ लहान होती हे तुम्हाला डॉक्टरांकडून आधीच कळले असले तरी म्हणा.